काठी, पीठ, मीठ, तेल : प्रस्तावना

हिब्रू धर्मग्रंथांत देवाने ज्या वस्तू हाताशी धरून चमत्कार केले त्यांची यादी करायला बसावे, तर ती एखाद्या गरीब घरातल्या सामानाची यादी निघते. मडक्यातले मूठभर पीठ, बुधलीतले तेल, वाडग्यातले मीठ, मेंढपाळाची काठी, मेंढीची लोकर, मातीचे घडे, उसनी आणलेली कुऱ्हाड, अंजिरांचा लेप. समुद्र दुभंगला, आकाशातून अग्नी उतरला, यरीहोची तटबंदी कोसळली, हे प्रसंग जगभर माहीत आहेत. त्यांवर चित्रे निघाली, चित्रपट निघाले. पण त्या मोठ्या प्रसंगांतही नीट पाहिले तर समुद्रावर एक काठी उगारलेली दिसते आणि यरीहोभोवती मेंढ्यांच्या शिंगांची रणशिंगे वाजत असतात. हे पुस्तक या वस्तूंविषयी आहे.

ज्यू परंपरेत या ग्रंथसमूहाला तनाख म्हणतात. तोरा, नवीईम म्हणजे संदेष्टे आणि कतुवीम म्हणजे इतर लेख, असे त्याचे तीन भाग. ज्यूंच्या मोजणीनुसार ग्रंथ २४. ख्रिस्ती लोक त्यालाच जुना करार म्हणतात आणि प्रोटेस्टंट बायबलात तोच मजकूर ३९ पुस्तकांत विभागलेला असतो. या विस्तीर्ण मजकुरात चमत्कार सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. दावीद आणि शलमोन यांच्या वैभवाच्या काळात ते जवळजवळ दिसतच नाहीत. ते दोन ठिकाणी दाटीने येतात. एक, मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटून रानात भटकणाऱ्या लोकांच्या कथेत. आणि दोन, इ.स.पू. नवव्या शतकातल्या उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात, एलीया आणि अलीशा या दोन संदेष्ट्यांच्या कथांत. त्या दुसऱ्या काळात अवर्षण आहे, अरामी सैन्याचे छापे आहेत आणि सावकारी आहे. राजाची कोठारे भरलेली असताना या ग्रंथांना चमत्कार सांगावेसे वाटत नाहीत. माणसाच्या घरात फारसे काही उरलेले नसते, तेव्हा ते सांगितले जातात. म्हणूनच त्यांत वापरलेल्या वस्तू अशा आहेत.

या कथांकडे पुन्हा पुन्हा वळताना माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला आणि तोच या पुस्तकाचा कणा आहे. या कथांतली वस्तू साधीच राहते. चमत्काराआधी ती साधी असते, चमत्कार घडत असताना साधी असते आणि नंतरही साधीच राहते. सामर्थ्य देवाचे आणि वस्तू माणसाच्या घरातली, ही वाटणी हे ग्रंथ कधी ढळू देत नाहीत. त्यामुळे त्या सामर्थ्याचा साठा करता येत नाही, त्याला किंमत लावता येत नाही आणि वस्तूला देव्हाऱ्यात बसवता येत नाही. ज्यांनी तसे करून पाहिले त्यांच्या कथाही याच ग्रंथांत आहेत, आणि चमत्कारांच्या कथा त्यांच्यावाचून अपुऱ्या आहेत.

सुरुवात मोशेच्या काठीपासून करावी. मिसरच्या राजवाड्यात वाढलेला हा माणूस आता मिद्यान देशात सासऱ्याची, इथ्रोची, मेंढरे राखतो आहे. स्वतःची मेंढरेही त्याच्याजवळ नाहीत. होरेब डोंगराशी जळणाऱ्या झुडपातून परमेश्वर त्याला हाक मारतो आणि फारोकडे जायला सांगतो. मोशे एकामागून एक अडचणी काढतो. लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, असे म्हणतो. तेव्हा परमेश्वर त्याला हातात काय आहे ते विचारतो. हातात काठी असते. ती जमिनीवर टाकताच तिचा साप होतो, मोशे घाबरून पळतो, त्याला सापाची शेपटी धरायला सांगितले जाते आणि धरताच पुन्हा काठी होते.

मिसरच्या राजांची दोन राजचिन्हे होती : मेंढपाळाची आकडी आणि कोरडा. तूतनखामुनच्या सोन्याच्या शवपेटीवर ती त्याच्या छातीवर धरलेली दिसतात. त्याच मिसरात खऱ्या मेंढपाळांचा लोकांना तिटकारा होता, असे उत्पत्तीच्या पुस्तकात नोंदलेले आहे. फारोच्या हातात मेंढपाळाच्या काठीची सोन्याने मढवलेली प्रतिमा, आणि त्याच्यासमोर उभा राहणार तो खरा मेंढपाळ, खऱ्या काठीनिशी. परमेश्वराने मोशेला दुसरी, शोभिवंत काठी दिली नाही. मेंढरे हाकायची काठीच पुढे नाईलच्या पाण्यावर, समुद्रावर आणि खडकावर चालली.

आता दुसऱ्या राजांच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायाकडे येऊ. अवघ्या सात वचनांत सांगितलेली ही गोष्ट मला या साऱ्या ग्रंथसंभारातल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक वाटते. संदेष्ट्यांच्या मंडळीतला एक माणूस कर्ज मागे ठेवून वारला आहे. सावकार आला आहे आणि कर्जापोटी त्याला विधवेचे दोन मुलगे दास म्हणून हवे आहेत. बाई अलीशाकडे गाऱ्हाणे घेऊन येते. अलीशा तिला पैसे देत नाही, सावकाराला शापही देत नाही. घरात काय आहे, एवढेच विचारतो. ती म्हणते, काहीच नाही. आणि मग तेलाची एक बुधली आहे, असे जोडते. त्यानंतरच्या सूचना अगदी व्यवहारी आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, मागताना हात आखडायचा नाही, मुलांना घेऊन घरात जायचे, दार लावायचे आणि ओतायला लागायचे.

या दृश्यात कोण काय करते ते पाहावे. मुलगे भांडी पुढे करतात, आई ओतते, भरलेले भांडे बाजूला ठेवले जाते. अलीशा तिथे नाही. दार लावलेले असल्याने पाहणारे कोणी नाही, वाहवा करणारे कोणी नाही. बंद घरात एक आई आणि तिची दोन मुले काम करत आहेत. आई आणखी एक भांडे मागते, मुलगा सांगतो की आता एकही उरले नाही, आणि तेल थांबते. जितकी भांडी जमली होती तितकेच तेल आले. शेजाऱ्यांनी आणखी दहा दिली असती तर तीही भरली असती. म्हणजे या चमत्काराचे माप शेजारधर्माने ठरवले. गावातल्या ज्या बायकांनी आपले रिकामे मडके काढून दिले, त्या सगळ्यांचा या चमत्कारात वाटा आहे, जरी त्यांना त्या दिवशी ते कळले नसेल.

गोष्ट इथे संपत नाही. बाई पुन्हा अलीशाकडे जाते आणि तो तिला तेल विकायला, कर्ज फेडायला आणि उरलेल्यावर मुलांसह गुजराण करायला सांगतो. कर्ज हवेत विरून जात नाही. तेल भांड्यांत आहे, पण ते बाजारात नेण्याचे, भाव ठरवण्याचे, पैसे मोजून सावकाराच्या हातात ठेवण्याचे काम तिचेच आहे. तेलाला गिऱ्हाईक होते. इस्राएलची राजधानी शोमरोन इथे १९१० मध्ये उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती आठव्या शतकातली, म्हणजे या गोष्टीनंतर काही पिढ्यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांवर गावोगावहून आलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी आहेत. जैतुनाचे तेल खाण्यात होते, दिव्यात होते, जखमेवर होते आणि राज्याच्या हिशेबातही होते.

सावकाराची धमकीही पोकळ नव्हती. त्या काळच्या पश्चिम आशियात कर्जापोटी घरची माणसे राबायला देणे सर्रास चाले. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतले ११७ वे कलम सांगते की कर्जासाठी बायको किंवा मुले दिली तर त्यांनी तीन वर्षे राबावे आणि चौथ्या वर्षी मोकळे व्हावे. तोरात हिब्रू दासाला सहा वर्षांनंतर सोडून देण्याचा नियम आहे. नियम असले तरी गरिबाचे हाल होतच. पुढच्या शतकात याच राज्यात आमोस संदेष्टा तळमळून सांगतो की इथे गरीब माणूस पायतणाच्या जोडासाठी विकला जातो. तेव्हा बुधलीतल्या तेलाने दोन मुलांची गुलामी टाळली, हा या चमत्काराचा खरा आकार आहे. भांडी किती भरली याचा आकडा लेखकाने दिलेला नाही. मुले घरी राहिली, याला त्याने महत्त्व दिले.

एलीयाची सारफथमधली गोष्ट हिच्याशी नाते सांगते, पण ती अधिक कठोर आहे. सारफथ हे सोर आणि सीदोन यांच्यामधले समुद्रकाठचे गाव, आजच्या लेबनॉनमधले सराफंद. जेम्स प्रिचर्ड यांनी १९६९ ते १९७४ या काळात तिथे उत्खनन केले तेव्हा कुंभारांच्या पुष्कळ भट्ट्या उघड्या पडल्या. मडकी घडवणारेच हे गाव होते. शिवाय ते परक्या मुलखातले. इस्राएलची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी आणि बआल या देवाची कट्टर उपासक. रास शामरा इथे १९२९ पासून सापडत गेलेल्या मातीच्या पाट्यांवरून बआल हा मेघांचा आणि पावसाचा देव होता हे स्पष्ट झाले आहे. पावसाच्या देवाच्या मुलखातच पाऊस थांबला आहे आणि तिथली एक विधवा वेशीपाशी काटक्या गोळा करते आहे. मडक्यातल्या मूठभर पिठाची आणि सुरईतल्या थोड्याशा तेलाची शेवटची भाकर करून, मुलासोबत खाऊन, मरण पत्करायचे असे तिने ठरवले आहे. एलीया तिला आधी आपल्यासाठी एक लहान भाकर करायला सांगतो.

ही मागणी टोचते, आणि ती टोचलीच पाहिजे. मागणारा माणूस स्वतः उपाशी आहे, ज्या ओहोळाचे पाणी तो पीत होता तो आटला आहे, हे खरे; तरी मरणाच्या दारातल्या बाईकडे पहिला घास मागणे सोपे नाही. ती करून देते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत पीठ संपले नाही आणि तेल आटले नाही. मडके भरले, असे ग्रंथात कुठेही म्हटलेले नाही. ते रिते झाले नाही, एवढेच म्हटले आहे. म्हणजे रोज सकाळी मडक्यात हात घालताना तिला त्या दिवसापुरतेच पीठ लागत असणार आणि उद्याचे पीठ तिच्या डोळ्यांना कधीच दिसत नसणार. एकदा घडून गेलेल्या चमत्काराच्या भरवशावर तिला बसता आले नाही. रोजचा विश्वास रोज ठेवावा लागला.

रोजच्या मापाची ही शिस्त सर्वांत स्पष्ट दिसते ती मान्नाच्या कथेत. रानात भुकेल्या लोकांना पहाटे दव सुकल्यावर जमिनीवर बारीक खवल्यांसारखे अन्न दिसते. प्रत्येकाने माणशी एक ओमर गोळा करायचे असते. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, साधारण दोन लिटर. कोणी जास्त वेचले, कोणी कमी. पण मापून पाहिले तेव्हा कोणाकडे उरले नाही आणि कोणाला कमी पडले नाही. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहिले, तर त्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी आली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचे, कारण सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशीचा साठा मात्र नासत नाही. ज्यांच्या पिढ्या मिसरमध्ये फारोसाठी कोठारांची शहरे बांधण्यात खपल्या होत्या, त्या लोकांना साठ्यावाचून जगायला शिकवले जात आहे. आणि गुलामाला कधी न मिळणारी सुट्टी त्यांना अन्नाच्या मापातूनच दिली जाते आहे. चाळीस वर्षांनी कनानमध्ये शेताचे धान्य हाती येताच मान्ना थांबतो. गरज सरली की हे ग्रंथ चमत्कार पुढे ओढत नाहीत.

काही कथांत वस्तू साधी तर असतेच, वर कामाला उलटीही असते. यरीहोचे लोक अलीशाला सांगतात की गाव चांगले आहे पण पाणी वाईट आहे. तो नव्या वाडग्यात मीठ मागवतो आणि ते झऱ्याच्या उगमात टाकतो. यरीहोपासून मृत समुद्र जवळ आहे. तिथल्या माणसाला मिठाने जमीन आणि पाणी कसे मरते हे वेगळे सांगावे लागत नाही. शास्त्यांच्या पुस्तकात अबीमलेख शखेम शहर उद्ध्वस्त करून त्यावर मीठच पेरतो. नेमक्या त्या मिठाने पाणी गोडे होते. यरीहोच्या ऐन एस-सुलतान या झऱ्याला आजही अलीशाचा झरा म्हणतात.

कुऱ्हाडीची गोष्ट तर इतकी छोटी आहे की तिची पुष्कळांना किंमतच वाटत नाही. संदेष्ट्यांच्या मंडळीला जागा अपुरी पडते म्हणून ते यार्देनकाठी लाकूड तोडायला जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडते आणि तो कळवळतो, कारण ती उसनी आणलेली असते. अलीशा एक काठी तोडून तिथे टाकतो आणि लोखंड तरंगते. राज्ये, युद्धे, राजवंश यांच्या इतिहासात हे कशाला लिहून ठेवले, असा प्रश्न पडतो. उत्तर लोखंडाच्या मोलात आहे. पहिल्या शमुवेलात म्हटले आहे की एके काळी इस्राएलात लोहारच नव्हता. नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला लोक पलिष्ट्यांकडे जात आणि पाजवणावळीचा दर पीम या मापात सांगितलेला आहे. पीम कोरलेली दगडी वजने उत्खननांत सापडली आहेत. ती साडेसात-आठ ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि तितकी चांदी मोजावी लागे. अलीशाच्या काळापर्यंत लोखंड वाढले असले तरी गरीब विद्यार्थ्याला हरवलेल्या कुऱ्हाडीची भरपाई झेपणारी नव्हती. कर्ज झाले की काय होते ते विधवेच्या गोष्टीत आपण पाहिलेच. कुऱ्हाड वर आली, मालकाकडे परत गेली असणार आणि पुन्हा लाकूड तोडू लागली असणार. त्या माणसाची लाज राखली गेली, एवढ्यासाठी देवाने नदीत हात घातला, असे हा ग्रंथ निःसंकोचपणे सांगतो.

आता दुसरी बाजू. वस्तूतच सामर्थ्य आहे असे मानले की काय होते, हे दाखवायला हे ग्रंथ कचरत नाहीत. शूनेमच्या बाईचा मुलगा दगावतो तेव्हा अलीशा आपली काठी देऊन गेहजी या चाकराला पुढे पाठवतो. गेहजी काठी मुलाच्या तोंडावर ठेवतो. काही होत नाही. अलीशा स्वतः येतो, दार लावून प्रार्थना करतो, तेव्हा मूल डोळे उघडते. शास्त्यांच्या पुस्तकातला गिदोन तीनशे माणसे, रिकामे घडे, घड्यांत लपवलेल्या मशाली आणि रणशिंगे एवढ्यावर मिद्यानी सैन्याला पळवून लावतो. पण विजयानंतर लुटीतली कर्णफुले मागून घेतो, त्यांचे सोने १,७०० शेकेल भरते, त्याचे एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, बनवून गावात ठेवतो आणि सारे इस्राएल त्याच्या नादी लागते. फुटलेल्या घड्यांनी जे मिळवले ते सोन्याच्या एफोदाने बिघडवले. एली या याजकाच्या काळात लोक कराराचा कोश रणांगणात नेतात, जणू तो नेला की देव आलाच. ती लढाई ते हरतात आणि कोशही शत्रूच्या हाती पडतो.

या सगळ्यांत ठसठशीत कथा पितळी सापाची. रानात विषारी साप चावून माणसे मरू लागतात. मोशे पितळेचा साप करून खांबावर लावतो, आणि त्याच्याकडे पाहणारा जगतो. तांब्याचा साप त्या मुलखाला अनोळखी नव्हता. अराबातल्या तिम्ना इथल्या प्राचीन खाणींजवळच्या देवस्थानात बेनो रोथेनबर्ग यांना १९६९ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा लहानसा साप सापडला होता. मोशेचा साप पुढे शतकानुशतके जपला गेला, लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि त्याला नहुश्तान हे नाव पडले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाचा राजा हिज्कीया याने तो फोडून टाकला. खुद्द मोशेच्या हातची, खरोखर प्राण वाचवलेली वस्तू त्याने फोडली, आणि त्यासाठी ग्रंथकार त्याची स्तुती करतो. आणखी बोलके म्हणजे हाच हिज्कीया मरणपंथाला लागतो तेव्हा संदेष्टा यशया त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो आणि राजा बरा होतो. पितळी साप फोडणाऱ्याला अंजिरांनी जगवले. अंजिरे मात्र कोणी पुजली नाहीत.

या देण्याला किंमत लावता येत नाही, हे नामानाच्या कथेत येते. अरामी सेनापती नामान कोडाने ग्रासलेला. त्याला अलीशाचे नाव कळते ते छाप्यात पकडून आणलेल्या इस्राएली मुलीकडून, जी त्याच्या घरात मोलकरीण आहे. तो दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने आणि उंची वस्त्रांचे दहा जोड घेऊन निघतो. अलीशा त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगतो, तेही निरोप धाडून. नामान संतापतो, दमास्कसच्या नद्या या गढूळ पाण्यापेक्षा काय वाईट? त्याचे चाकरच त्याची समजूत घालतात. बरा झाल्यावर त्याने देऊ केलेले काहीही अलीशा घेत नाही. गेहजी मात्र मागून धावत जाऊन दोन किक्कार रुपे आणि दोन जोड उपटतो, आणि नामानाचे कोड त्याच्या अंगी येते. बंदिवान मुलगी, चाकर, आणि कोणालाही उतरता येईल अशी नदी : सेनापतीला वाचवणारे सगळेच साधे निघाले.

या घटना घडल्या कशा, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडणारच आणि तो टाळू नये. कीटकशास्त्रज्ञ फ्रित्स बोडेनहायमर १९२७ मध्ये सीनायला गेले आणि झाऊच्या झाडांवरचे बारीक कीटक जो गोड स्राव टाकतात त्याच्याशी त्यांनी मान्नाचा संबंध जोडला. मान्नाच्याच कथेत येणाऱ्या लावे पक्ष्यांचे थवे हंगामात सीनायवरून जातात आणि थकून जमिनीवर उतरतात, हेही खरे. यात श्रद्धावंताने बिचकण्यासारखे काही नाही. समुद्र मागे हटला तो रात्रभर वाहिलेल्या जोरदार पूर्वेच्या वाऱ्याने, असे निर्गमाचे पुस्तक स्वतःच सांगते. वारा आणि देव यांतला एक निवडा, अशी सक्ती त्या लेखकांना माहीत नव्हती. मात्र झाऊचा स्राव दाखवला की कथेचा उलगडा झाला असेही नाही. साठवलेले नासते, सहाव्या दिवशीचे टिकते आणि सगळ्यांना पुरते, हा कथेचा गाभा कीटकांच्या हिशेबात बसत नाही.

ज्यू आचार्यांनी यावर खोल विचार केला आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात असा प्रश्न विचारला आहे की तो पितळी साप मारत होता का, किंवा जगवत होता का; आणि उत्तराचा आशय असा की लोक वर पाहून आपले अंतःकरण स्वर्गातल्या पित्याला वाहत तेव्हा ते बरे होत. तेराव्या शतकातल्या नाहमानिदीस यांनी, म्हणजे रामबान यांनी, तोरावरच्या भाष्यात मांडले की उघड चमत्कार माणसाला लपलेले चमत्कार ओळखायला शिकवतात. आपले रोजचे जगणेच अशा लपलेल्या चमत्कारांचे आहे. तालमूदात हनीना बेन दोसा या अत्यंत गरीब सत्पुरुषाची कथा आहे. शब्बाथच्या संध्याकाळी त्यांच्या मुलीने चुकून दिव्यात तेलाऐवजी व्हिनेगर ओतले आणि ती खिन्न झाली. वडिलांचे म्हणणे असे की ज्याने तेलाला जळायला सांगितले तोच व्हिनेगरला सांगेल. दिवा दुसऱ्या दिवसापर्यंत जळत राहिला. व्हिनेगर जळाले याचे नवल करण्याआधी तेल जळते याचे नवल करावे, हे या कथेने मला दिले, आणि विधवेची बुधली मला तेव्हापासून वेगळीच दिसते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. या समाजाची एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया, याच्यावर अपार श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात शिरताना त्याच्या नावाने मलिदा करतात : गोड केलेले पोहे, ओले खोबरे, फळे. पिठाच्या मडक्याला पुरवठा करणाऱ्या संदेष्ट्याचे स्मरण कोकणी घरात पोह्यांच्या ताटाने व्हावे, यात त्या जुन्या कथांचीच रीत पुढे चालली आहे. मिसरमधून सुटकेची कथा सांगणारा हागादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या कामात त्या गढलेल्या होत्या. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो मुली आणि विधवांना केडगावला आसरा देणाऱ्या या बाईने सारफथच्या विधवेची गोष्ट मराठीत लिहिताना ती केवळ जुनी कथा म्हणून लिहिली असेल, असे मला वाटत नाही.

पुस्तकाची रचना वस्तूंप्रमाणे आहे. तेल आणि पीठ आधी, मग काठी, मग पाणी आणि मीठ, मग लोखंड आणि माती, आणि शेवटी बिघडलेल्या वस्तूंचे प्रकरण. माणसांची आणि गावांची नावे मराठी बायबलात रुळली आहेत तशीच ठेवली आहेत. प्रत्येक कथेत मी तीन गोष्टींचा पाठपुरावा केला आहे आणि वाचकानेही करावा : वस्तू कोणाच्या घरची होती, श्रम कोणी केले आणि चमत्कारानंतर त्या वस्तूचे काय झाले. या तिन्हींची उत्तरे लागली की लक्षात येते की या ग्रंथांचा देव माणसाला आपल्या सामर्थ्याने दिपवायला फारसा उत्सुक नाही. तो आधी त्याच्या घरात काय आहे ते विचारतो, ते हलके मानत नाही, आणि उरलेले काम त्या माणसाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या हाती सोपवतो. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही असे त्याला स्वतःलाच वाटते, त्याच्यासाठी याहून मोठा मान मला ठाऊक नाही. त्या मानाची ओळख व्हावी म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पण विधवेच्या तेलाचे प्रकरण आधी वाचावे आणि ते वाचताना भांडी देणाऱ्या शेजाऱ्यांना विसरू नये.